फुटवा न आलेलं झाड

वडगाव, बेळगाव
२४ नोव्हेंबर

अण्णा,

जय भीम. पत्र मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं तर पोस्टमन आईच्या हातात देईल, आणि आई ते दुकानात नेऊन कुणाकडून तरी वाचून घेईल. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर आवाज ओळखून ठेवून देतोस. हायस्कूलचा मास्तर, आणि वागणं आठवीतल्या पोराचं.

आधी भांडण उरकून घेते. काल मी गावी येऊन गेले. तू निपाणीत शाळेत होतास. घराला कडी, म्हणून रानात गेले, तर आपली आई बांधावर बसून ओकत होती. दव सुकायच्या आत तंबाखूत शिरलेली, लुगडं कमरेपर्यंत ओलं, हात चिकानं काळे. तिच्याबरोबर कामाला असलेली बाळाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मला बघून आईच उलट विचारते, "आज सुट्टी हाय व्हय गं तुला?" मी म्हटलं, काय झालंय तुला. तर म्हणाली, "कुठं काय, तंबाखू लागली जरा. व्हतंय बरं."

तू ते रान खंडानं घेतलंस तेव्हा पेढे वाटलेस. ज्या रानात आई परकर नेसायच्या वयापासून मजुरीनं राबली, तेच रान आता आपण कसतोय, याचा तुला अभिमान. मला त्यात फक्त एवढंच दिसलं की जिला आपण दोघांनी शिकून तंबाखूतून बाहेर काढायचं ठरवलं होतं, तिला तूच परत तंबाखूत नेलंस. हे मी विहारात सगळ्यांसमोर बोलले आणि तेव्हापासून तुझ्या तोंडाला कुलूप आहे. असू दे. मी बोलले ते मागे घेत नाही, आणि कालचं बघून तर मुळीच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अण्णा, मी अजून भानावर आलेले नाही. काल रात्रभर खालच्या घरातले विणकरांचे माग चालू होते आणि मी टक्क जागी होते. त्यात मागांचा काही दोष नव्हता.

आईचा टॉवेल विहिरीकडच्या ओळीत राहिला होता, तो आणायला गेले. शेंडे खुडून झालेत, फुटवे आलेत, बायका ते काढत पुढं सरकल्यात. प्रत्येक झाडाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक तर कोवळा फुटवा, नाही तर नुकत्याच मोडलेल्या फुटव्याची ओली जखम. आणि त्या ओळीत एक झाड असं की त्याच्या एकाही बगलेत काही नाही. फुटवा नाही, जखम नाही, साधा कोंबाचा ठिपकाही नाही. देठ आणि खोड जिथं मिळतात ती जागा तळहातासारखी गुळगुळीत. पानं मात्र शेजारच्या झाडांच्या दीडपट जाड. मी गुडघ्यावर बसून एकेक बगल बोटानं चाचपली.

तू इतिहास शिकवतोस, म्हणून सोप्यात सांगते. झाडाच्या शेंड्यात सुईच्या टोकाएवढ्या जागेत काही पेशी असतात, ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. आम्ही त्यांना मूलपेशी म्हणतो. एक जनुक त्यांना सांगत राहतं, तुम्ही लहानच राहा. दुसरं जनुक सांगतं, आता पुरे, फार माजू नका. दोघांची ओढाताण सतत चालू असते. त्यात ज्या पेशी कडेला ढकलल्या जातात त्यांना हुकूम मिळतो, तुम्ही पान व्हा. पण प्रत्येक पान तयार होताना त्याच्या बगलेत थोड्या पेशी तशाच लहान ठेवून दिल्या जातात. शेंडा आहे तोवर तो त्यांना झोपवून ठेवतो. शेंडा खुडला की त्या जाग्या होतात. पानांचा कस त्यांनी खाऊ नये म्हणून त्या मोडण्यातच आईचं सगळं आयुष्य गेलं.

या झाडात त्या पेशी ठेवल्याच गेलेल्या नाहीत. असं झाड टोमॅटोत सापडलेलं आहे, पुस्तकात चित्र आहे. तंबाखूत, आपल्या रानात, आईच्या टॉवेलशेजारी ते मला दिसेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि आता यातली भयंकर गोष्ट ऐक. शेंडा खुडल्याशिवाय कळतच नाही की याला फुटवा येत नाही. कळतं तेव्हा शेंडा गेलेला असतो. दुसरं कुठलंही झाड चुकून खुडलं तर एक फुटवा वाढू द्यायचा, त्याला फुलं येतात, बी धरतं. याला तीही सोय नाही. म्हणजे आपल्या भागात असं झाड याआधी कधी उगवलं असेल, तर आपल्याच माणसांनी रीतीप्रमाणे त्याचा शेंडा खुडला आणि त्याचा वंश तिथंच संपला. कुणाचीही चूक नाही आणि तरी दर वेळी हेच होणार.

मी दोन पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणलीत. झाडाला माझी निळी ओढणी बांधलीय. बाकी रान कापशील तेव्हा एवढं झाड उभं ठेव. माझ्यासाठी नको ठेवूस. ठेव म्हणजे झालं.

पारमी

*

बेळगाव
४ डिसेंबर

अण्णा,

तुझं कार्ड मिळालं. "झाड उभे आहे. आईही." आठ महिन्यांच्या अबोल्यानंतर चार शब्द. मास्तर, शाईची फार उधळपट्टी करू नका.

तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते मी काय करतेय. पानाचे लहान चौकोन कापून बाटल्यांत ठेवलेत. बाटलीत खळीसारखं घट्ट अन्न असतं आणि त्यात अशी द्रव्यं, जी पानाला सांगतात, तू जे झालास ते विसर, पुन्हा लहान हो. तंबाखूचं पान हे ऐकतं. त्याच्या कडेला मूलपेशी नव्यानं तयार होतात, कोंब फुटतो, कोंबाला मुळं येतात, आणि मग ते कुंडीत लावून त्याचं बी धरता येतं. यावेळी शेंड्याला कुणी हात लावायचा नाही एवढंच.

मात्र हे पान ऐकेल का ते मला माहीत नाही. बिघाड फक्त बगलेत पेशी राखणाऱ्या जनुकात असेल तर ऐकेल. पण पेशींना लहान ठेवण्याचं मूळ कामच बिघडलेलं असेल तर बाटलीत नुसते पांढरे गोळे होतील, कोंब येणार नाही. त्याच बियाचं दुसरं झाड शोधावं म्हटलं, तर आईनं सांगितलं की तरू, म्हणजे लावायची रोपं, यंदा बाजारातून आणलं, दहा जणांच्या बियांची मिसळ. म्हणजे जे काही आहे ते या एका झाडात आहे.

प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांना सांगितलं. ते फार काही बोलले नाहीत.

आता पुढचं आईला वाचून दाखव. रविवारी तू घरी असतोस, चहा झाल्यावर निवांत वाच.

आई, हे झाड जगलं तर तुला, बाळाबाईला, कुणालाच पुन्हा फुटवे काढायला ओल्या तंबाखूत शिरावं लागणार नाही. एकदा शेंडा खुडला की संपलं. दर आठवड्याला वाकणं नाही, चीक नाही, ओकणं नाही. पाच बायांचं महिन्याचं काम एका दिवसात होईल. मी इतकी वर्षं त्या बाटल्यांत काय करते असं तू विचारायचीस ना? हे करते. तुझे हात सुटावेत म्हणून करते.

पारमी

*

बेळगाव
१८ डिसेंबर

अण्णा,

यावेळी पानभर लिहिलंस, अक्षर बघून जीव हरखला. तू लिहितोस की तू वाचलंस तेव्हा आई नुसती ऐकत होती, आणि संपल्यावर म्हणाली, "परत एकदा वाच." दोनदा ऐकलं तिनं. मी ते प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना सांगितलं. आपल्या आईनं माझं काम दोनदा ऐकून घेतलं, अण्णा! मला पदवी मिळाली तेव्हा ती फक्त "जेवलीस का" एवढंच म्हणाली होती.

बातमी मात्र चांगली नाही. बाटल्यांत गोळे झालेत. पांढरे, फुगलेले, कणकेच्या गोळ्यांसारखे. एकालाही हिरवा ठिपका नाही. शेजारच्या बाटल्यांत साध्या तंबाखूची पानं ठेवली होती, त्यांना कोंबांचं जंगल माजलंय. ते बघवत नाही.

मी अन्नातल्या द्रव्यांचं प्रमाण बदलून पाहणार आहे. पण आता पानंही संपत आलीत. रविवारी येते, नवीन पानं आणि खोडाचा तुकडा घेते. तोवर त्याला जप. तुझ्या शेजारच्या रानात कापणी सुरू झालीय म्हणालास, तिथल्या गड्यांना निळी ओढणी दाखवून ठेव.

रविवारी तू घरी थांबलास तर बोलूही. नाही थांबलास तरी मी येणारच आहे.

पारमी

*

बेळगाव
२२ डिसेंबर, रात्र

प्रज्ञेश,

अण्णा म्हणायची इच्छा नाही.

झाड नाही. विहिरीकडची ओळ तशीच्या तशी उभी आहे, फक्त ते एक झाड नाही. कापलेलं असतं तर खोड तरी राहिलं असतं, मी ते घेऊन आले असते. ते मुळासकट उपटलंय. खड्ड्यातली माती पायानं सारखी केलीय. विहिरीमागं राखेचा ढीग होता, त्यात अर्धवट जळलेलं बोटभर खोड सापडलं. मी तो ढीग हातानं उपसला. बाया बघत होत्या.

घरी आले तर माझी ओढणी धुऊन दोरीवर वाळत घातलेली. एवढी व्यवस्थित माणसं तुम्ही. आई चुलीपुढं पाठ करून बसली होती. तू दारात उभा होतास. मी विचारलं, "तू केलंस?" तू खाली बघितलंस. पुन्हा विचारलं, तर म्हणालास, "जाऊ दे गं आता."

जाऊ दे? विहारातल्या त्या एका वाक्याचा सूड तू असा घेशील? मला शिव्या द्यायच्या होत्यास, कानफटात मारायची होतीस. मी गप्प बसले असते. पण जे जगात कदाचित एकच होतं ते जाळायचं? आणि वर मुलांना इतिहास शिकवतोस!

मला यापुढं पत्र लिहू नकोस.

पारमिता

*

वडगाव, बेळगाव
२९ डिसेंबर

अण्णा,

हे पत्र कसं लिहावं ते कळत नाही. तू हे वाचावंस, एवढंच मागते.

काल दुपारी आई इथं आली. एकटी. निपाणीहून बसनं बेळगाव, तिथून विचारत विचारत वडगाव. खालच्या मागवाल्या काकूंनी तिला जिन्यापर्यंत आणून सोडलं. दार उघडलं तर ती धापा टाकत उभी, हातात भाकरीचं गठुळं. आत आली, पाणी प्यायली, आणि बसायच्या आधीच म्हणाली, "त्येला बोल लावू नगंस. त्येनं न्हाय उपटलं. म्या उपटलं."

मी तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं तुला वाचवायला बोलतेय. म्हटलं, आई, खोटं बोलू नकोस. तर म्हणाली, "म्याच उपटलं, म्याच जाळलं, आन तुजी वडनी म्याच धुतली. त्यो नगं नगं म्हनीत व्हता. म्हनलं, तुज्या बहिनीला सांगशील तर माजं मेल्यालं त्वांड बघशील."

अण्णा, तू दारात खाली मान घालून उभा होतास ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी जे जे लिहिलं ते तू वाचलं असशील, आणि तरी आईचं नाव घेतलं नाहीस.

मी विचारलं, का? मी तुझ्यासाठीच करत होते ना? तिनं गठुळं सोडलं, भाकरी माझ्यापुढं ठेवली आणि मग सांगायला लागली, अगदी शांतपणे. "तुजं पत्र दोनदा ऐकलं. पाच बायांचं म्हैन्याचं काम एका दिसात, आसं तू लिवलंस. म्या म्हनलं, मग चार बाया म्हैनाभर काय करनार? शेंडा खुडनं एक डावाचं काम. फुटवं काढायचं काम सपत न्हाय, आठवड्याला येतंय, म्हनून घर चालतंय. तुजा बा गेला तवा ह्याच फुटव्यांवर तुमी दोगं शिकलासा. बाळीचं पोरगं दारू पितंय, ती कशावर जगती? माधवीचा नवरा जाऊन वरीस झालं, पोरगी बालवाडीत हाय. त्यांच्या त्वांडातनं माजी ल्येक घास काडनार, आन म्या बघत बसू?"

मी म्हणाले, आणि तुझं ओकणं? तुझे हात? ती म्हणाली, "हात काय, धुतलं की निगतंय."

निघत नाही, अण्णा. लहानपणापासून बघतेय, कधी निघालेलं नाही.

मी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. सर काही बोलले नाहीत असं लिहिलं ते खोटं. सर ऐकून आनंदानं उडालेच होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी एका बियाणं कंपनीला कळवलं. तो माणूस जानेवारीत येणार आहे. मला वाटलं, तुला कंपनीचं नाव ऐकवलं तर तू झाडच देणार नाहीस. आता झाडही नाही आणि बाटलीत गोळे. सर माझ्याकडं बघून मान फिरवतात.

आई रात्री राहिली. माझ्या पलंगावर झोपली नाही, खाली चटईवरच. मागांच्या खडखडाटात तिला पटकन झोप लागली. मी तिच्या उशाशी बसून तिची बोटं बघत होते. मला तिचा राग येत होता आणि राग येतोय याचीच लाज वाटत होती. आईनं, जिच्यासाठी मी सख्ख्या भावाशी भांडले, तिनंच ते जाळलं, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

मला माफ कर. विहारातल्या बोलण्याबद्दल नाही. मागच्या पत्राबद्दल.

पारमी

*

बेळगाव
९ जानेवारी

अण्णा,

हे पत्र धारवाडच्या प्रशिक्षण केंद्राच्या पत्त्यावर पाठवते आहे. शाळेतल्या शिपायानं सांगितलं तू तिथं पंधरवडाभर आहेस. फोन उचलायला लागलास हे खरं, पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. माझ्या तोंडून ते मोठ्यानं निघायलाच तयार नाही.

आज सकाळी बाटल्या टाकून द्यायला घेतल्या होत्या. सरांनीच सांगितलं होतं, जागा मोकळी कर. एकेक उघडून गोळे बादलीत टाकत होते. शेवटच्या खणातली एक बाटली उचलली, अन्न बदललेल्यांपैकी. गोळ्याच्या कडेला काहीतरी हिरवं. मला वाटलं बुरशी. भिंगाखाली धरली.

कोंब आहे, अण्णा. दोन इवलीशी पानं आणि त्यांच्या मध्ये शेंडा. त्या झाडाच्या पानानं पुन्हा लहान व्हायचं कबूल केलंय. म्हणजे त्यात मूलपेशी करण्याची ताकद शाबूत आहे, फक्त बगलेत राखायची विसरलीय. मला जे हवं होतं नेमकं तेच. माझ्या हातातून बादली सांडली. सगळी फरशी गोळ्यांनी भरली आणि मी त्यात उभी.

मी कुणाला सांगितलं नाही. सरांना नाही. बाटली माझ्या कपाटात मागं ठेवली आणि वर खोटी चिठ्ठी चिकटवली, साधी तंबाखू म्हणून.

संध्याकाळी आईचा फोन आला, रोज येतो तसा. जेवणाचं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "बाटलीत आलं का काय?" मी म्हटलं, "न्हाई गं, काय न्हाई." मग ती म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नगंस." आणि अण्णा, ती रडत होती. जिनं झाड जाळलं तीच माझं झाड गेलं म्हणून रडत होती, आणि मी, जिच्या कपाटात कोंब होता, तिला रडू देत होते. आपण ही कसली माणसं झालो आहोत?

शनिवारी बाटली घेऊन गावी जाते. आईला सांगणार आहे. तिच्या हातात देणार आहे. तिनं फोडली तर फोडली, असं आत्ता तरी म्हणतेय. गेल्यावर काय होईल ते माहीत नाही.

पारमी

*

आपलं घर
११ जानेवारी

अण्णा,

तू इथं हवा होतास. सगळं डोक्यातून जायच्या आत लिहून काढते, कारण मला जे वाटलं होतं त्यातलं काहीही झालं नाही.

मी आले तेव्हा बाया कामावरून येऊन आपल्या कट्ट्यावर टेकल्या होत्या. बाळाबाई, माधवी, आणखी दोघी. आई चहा करत होती. मला तिला एकटीला गाठायचं होतं, पण धीर सुटला. मी बाटली पिशवीतून काढून सरळ तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "आई, मी खोटं बोलले. आलंय."

तिनं बाटली उजेडाकडं धरली. मी खाली हात धरला. "ह्ये त्येच?" मी हो म्हटलं. चहा उतू गेला, कुणी उठलं नाही. बाळाबाईनं विचारलं, "काय हाय गं त्ये?" मग मीच सांगितलं. निळ्या ओढणीचं झाड, त्याला फुटवे का येत नाहीत, ते जगलं तर कुठलं काम बंद पडेल, आणि आईनं ते का जाळलं. सगळं. आई मला डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

मी बाळाबाईकडं बघत होते. वाटलं, आता ही बाटली भिंतीवर आपटेल. ती आईकडं वळली.

"गंगे, माज्यासाठी जाळलंस?"

"तुमच्या समद्यांसाठी," आई म्हणाली.

"मला इचारलंवतंस व्हय?"

आईनं बाटली माझ्याकडं परत दिली.

"सारखं तंबाखू लागून माजा डोळा गरगरतोय. भाकरी हातानं खाल्ली की कडू लागती म्हनून चमच्यानं खाती मी, ह्या वयात, ल्हान पोरावानी. ह्यो फुटवा बंद व्हनार आसंल तर मी नाचीन. उपाशी मरंन, पर दुसरं काय तरी करून मरंन. आन तू माज्या नावानं जाळलंस?" ती हे ओरडून बोलली नाही.

आईचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. बाबा गेले तेव्हाही नाही. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली आणि म्हणाली, "बाळे, मला वाटलं..."

मी जिंकले असं मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात माधवी उठली. पदर खोचला, माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "बाळाक्काचं झालं आता. माजी पोरगी चार वर्साची हाय. मी काय चमच्यानं खाऊ? सांगा की, ताई. तुमी शिकल्यासा. ह्ये बाटलीतलं मोटं व्हईल तवा मी कुटं जायाचं?"

इतकी वर्षं शिकून, इतक्या सभांतून बोलून, मला एक वाक्य आलं नाही. मी काहीतरी पुटपुटले, की अजून पाच-सहा वर्षं लागतील. ती म्हणाली, "मंजे पोरगी शाळंत आसंल तवा." आणि चप्पल घालून गेली. मागं वळून बघितलं नाही.

अण्णा, मला धक्का कशाचा बसला सांगू? झाड गेलं त्याचा नाही, कोंब आला त्याचाही नाही. आईनं या बायांच्या नावानं झाड जाळलं. मी आईच्या नावानं ते वाढवत होते. तू तिच्या नावानं रान घेतलंस. सर आणि तो कंपनीवाला शेतकऱ्यांच्या नावानं बोलतील. आणि या चौघी इतकी वर्षं आपल्या कट्ट्यावर बसून चहा पीत होत्या, कुणाला त्यांच्याशी बोलावंसं वाटलं नाही. बोललो तर दोघींची दोन उत्तरं निघाली, आणि दोन्ही मला खरी वाटतात. मी सुन्न होऊन गेलेय.

बाटली फुटली नाही. आईनं ती भिंतीतल्या देवळीत बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलीय, ऊन लागू नये म्हणून पुढं ताट उभं केलं होतं. मी म्हटलं, तिला उजेड लागतो, तेव्हा ताट बाजूला केलं. मगाशी उठून बघितलं तर आई बाटलीपुढं बसून होती. मला म्हणाली, "ह्येचा शेंडा कुनी खुडाय नगं." एवढंच. त्याचा अर्थ मी काय लावायचा ते मला माहीत नाही.

वीस तारखेला, सोमवारी, त्या कंपनीचा माणूस सरांकडं येतोय. सरांना अजून कोंबाचं माहीत नाही. मी त्या दिवशीच सांगणार आहे, त्या माणसासमोर, आणि तेव्हा खोलीत बाळाबाई आणि माधवी दोघी हव्यात. बाळाबाई लगेच हो म्हणाली, तिला नवं लुगडं नेसायचं आहे. त्या तिथं काय बोलतील ते मला माहीत नाही आणि यावेळी मी शिकवणारही नाही. सर मला काढून टाकतील कदाचित. बघू.

तुझं प्रशिक्षण एकोणीसला, रविवारी संपतंय ना? थेट गावी ये. सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं दोघींना बेळगावला घेऊन ये. माधवी येणार नाही म्हणेल, दार लावून घेईल. तिला समजावू नकोस, तुझं ते वर्गातलं बोलणं तर मुळीच नको. नुसता दारात उभा राहा आणि म्हण की जे ती मला बोलली तेच तिनं तिथं त्यांना बोलायचं आहे. पोरीला बरोबर घ्यायला सांग, मी सांभाळेन.

आणि आई येणार का तेही बघ. तिला बसमध्ये बसवून आणू नकोस. आधी विचार.

पारमी